सोव्हिएत–जपान युद्ध वेळेआधी पेटणे कितपत शक्य होते? वॉरगेम खेळणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाचा मोठा पट मांडला की जपानच्या बाजूने बसलेल्या खेळाडूचा हात कधी ना कधी सोव्हिएत संघाच्या पूर्व टोकावरील व्लादिव्होस्तोक बंदराकडे वळतोच. समोर सायबेरियाची रिकामी घरे दिसतात, पलीकडे जर्मनीशी झुंजणारा सोव्हिएत खेळाडू दिसतो, आणि मग "हे इतिहासात का झाले नाही?" हा वाद सुरू होतो. या वादात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

"वेळेआधी" म्हणजे नेमके कधी?

सोव्हिएत संघाने जपानविरुद्ध पूर्ण युद्ध पुकारले ते ऑगस्ट १९४५ मध्ये, आणि ९ ऑगस्टला त्याचे सैन्य चीनच्या ईशान्येकडील, जपानच्या ताब्यातल्या मांचुरियात शिरले. त्याआधीचे कोणतेही सर्वंकष युद्ध हे "वेळेआधीचे" होय. मात्र १९३२ ते १९४५ हा सगळा काळ एकाच मापाने मोजता येत नाही. खेळाच्या दृष्टीने चार वेळा विचारात घेण्याजोग्या आहेत : मांचुरिया जिंकल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे, १९३८ चा उन्हाळा, १९३९ चा उन्हाळा आणि १९४१ चा ऑगस्ट. या चारही वेळी प्रश्न वेगळा होता, त्यामुळे "शक्य होते की नव्हते" याचे एकच उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दोन्ही देशांत युद्ध व्हावे इतके वैर होते का?

वैर भरपूर होते आणि ते जुने होते. १९०४–०५ च्या युद्धात झारच्या रशियाचा पराभव झाला होता. क्रांतीनंतरच्या यादवीत परकीय सैन्ये सायबेरियात उतरली, त्यांत जपानची फौज सर्वांत मोठी, म्हणजे सुमारे ७०,००० पर्यंत गेलेली होती. इतर देश निघून गेल्यावरही ती थांबली, व्लादिव्होस्तोक तिने १९२२ च्या ऑक्टोबरात सोडले आणि उत्तर साखालिन १९२५ मध्ये. १९३१ च्या सप्टेंबरात क्वांतुंग सेनेने, म्हणजे मांचुरियातल्या जपानी फौजेने, मांचुरियावर झडप घातली तेव्हा ही दोन सैन्ये हजारो किलोमीटरच्या सीमेवर समोरासमोर आली. ती सीमाही धड आखलेली नव्हती.

तरीही वैर म्हणजे युद्धाची इच्छा नव्हे. मॉस्कोने १९३१ च्या अखेरीस जपानपुढे अनाक्रमणाच्या कराराचा प्रस्ताव ठेवला होता, तो जपानने वर्षभराने नाकारला. त्यानंतरही १९३५ मध्ये सोव्हिएत संघाने मांचुरियातून जाणाऱ्या चिनी पूर्व रेल्वेतील आपला हक्क १४ कोटी येनांना विकून टाकला. भांडणाचे मूळच विकून मोकळे होणारा पक्ष पहिला वार करण्याच्या मनःस्थितीत नसतो, हे खेळाचे नियम लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवे.

१९३२ ते १९३४ या काळात जपानला सर्वांत सोपी संधी होती, असे म्हणतात ते खरे आहे का?

कागदावर खरे आहे. सोव्हिएत अतिपूर्वेतील तटबंदी, विमानतळ आणि रेल्वेचा दुसरा मार्ग तेव्हा अजून तयार होत होते. युद्धमंत्री अराकी सादाओ यांच्या भोवतीचा गट उत्तरेकडच्या युद्धाची उघड भाषा करत होता, आणि सोव्हिएत संघ बलाढ्य होण्याआधी त्याला गाठावे हा त्यांचा युक्तिवाद होता. पण जपानच्या सैन्यातच दुसरा गट असा होता, ज्याला आधी मांचुरियात कारखाने, खाणी आणि रेल्वे उभी करायची होती. नुकताच गिळलेला घास पचण्याआधी दुसरा घेण्याची त्या गटाची तयारी नव्हती. १९३४ च्या जानेवारीत अराकी पदावरून गेले आणि ती वेळ सरली. खेळात ही शक्यता ठेवायची असेल, तर ती लष्करी बळापेक्षा टोकियोतील गटबाजीवर अवलंबून ठेवणे जास्त प्रामाणिक ठरेल.

१९३८ मध्ये खासान सरोवराजवळ लढाई झालीच होती. ती पसरली का नाही?

जुलैच्या अखेरीपासून ११ ऑगस्टपर्यंत मांचुरिया, कोरिया आणि सोव्हिएत सीमा जिथे मिळतात तिथल्या टेकड्यांसाठी ही लढाई झाली. जपानी तिला चांगकुफेंगची घटना म्हणतात. जपानने आपले ५२६ सैनिक ठार झाल्याचे नोंदवले, आणि सोव्हिएत मृतांचा आकडा त्याहून बराच मोठा होता.

ती न पसरण्याचे मुख्य कारण चीन होय. त्याच महिन्यांत जपानची मोठी फौज वुहानच्या मोहिमेत गुंतली होती आणि ते शहर ऑक्टोबरात पडले. खासानला आणखी डिव्हिजन पाठवायच्या म्हणजे वुहान सोडायचे, हा हिशेब टोकियोला स्पष्ट होता. सोव्हिएत बाजूची अवस्थाही बरी नव्हती. स्टालिनने चालवलेल्या शिरकाणात सैन्यातील अनुभवी अधिकारी नाहीसे होत होते. जूनमध्ये अतिपूर्वेतील गुप्त पोलिसांचा प्रमुख गेन्रिख ल्युश्कोव्ह स्वतःचा जीव वाचवण्यासाठी सीमा ओलांडून जपान्यांकडे गेला. लढाईनंतर सेनापती मार्शल ब्ल्यूखर यांना अटक झाली आणि नोव्हेंबरात ते कोठडीतच मरण पावले. लढाई जिंकूनही सेनापतीचा असा शेवट व्हावा, ही गोष्ट कोणत्याही खेळाच्या सोंगटीवर छापता येत नाही.

खालखिन गोल किंवा नोमोन्हानचे महत्त्व खेळांत वाढवून सांगितले जाते का?

काही बाबतीत वाढवून आणि काही बाबतीत कमी करून सांगितले जाते. मे १९३९ मध्ये मंगोलिया आणि मांचुकुओ (मांचुरियातले जपानच्या हातचे राज्य) यांच्या वादग्रस्त सीमेवर सुरू झालेली ही चकमक ऑगस्टपर्यंत मोठ्या लढाईत बदलली. जूनच्या अखेरीस क्वांतुंग सेनेने टोकियोची परवानगी न घेता मंगोलियातील तामसाग-बुलाक येथील विमानतळावर हल्ला केला. वरिष्ठांनी कान उपटले तरी पुढाकार सीमेवरच्या अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला. २० ऑगस्टला, म्हणजे रविवारी पहाटे, सोव्हिएत सेनापती झुकोव्ह यांनी दोन्ही बगलांनी हल्ला चढवला आणि जपानची २३ वी डिव्हिजन वेढून जवळजवळ नष्ट केली.

या लढाईतला खरा धडा रसदीचा आहे. जपानचे जवळचे रेल्वेस्थानक हायलार आघाडीपासून सुमारे २०० किलोमीटरवर होते, तर सोव्हिएत बाजूचे ६५० किलोमीटरहून अधिक दूर. इतक्या अंतरावर, रस्ता नसलेल्या गवताळ मैदानात, मोठे सैन्य पोसता येणार नाही, असे जपानी अधिकाऱ्यांनी धरून चालले होते. सोव्हिएत संघाने हजारो मालमोटारी अखंड पळवून ते पोसले. जपानी पायदळ मात्र हायलारहून पायीच चालत आघाडीवर गेले. खेळात दोन्ही बाजूंना रसदीचा एकच नियम लावला, तर जवळ असल्यामुळे जपान जिंकतो आणि इतिहास उलटा होतो.

दुसरीकडे, "जपानी रणगाडे म्हणजे पत्र्याचे डबे आणि सोव्हिएत रणगाडे अजिंक्य" हे चित्रही खोटे आहे. जुलैच्या सुरुवातीला बायिन-त्सागानच्या टेकडीवर सोव्हिएत रणगाडे पायदळाच्या आधाराविना सोडले गेले. त्यांतले कितीतरी जपानी तोफांनी आणि पेट्रोलच्या बाटल्यांनी पेटवून दिले. मे महिन्यात हवेतही जपानचे वर्चस्व होते, स्पेनच्या युद्धातून आलेले वैमानिक पोचल्यावर ते बदलले. सोव्हिएत बाजूची एकूण हानी जपानपेक्षा कमी नव्हती, हे सोव्हिएत दफ्तरे उघडल्यावर सर्वमान्य झाले आहे. त्यामुळे जपानला प्रत्येक फाशात दंड लावणाऱ्या नियमांकडे मी संशयाने पाहतो.

नोमोन्हाननंतर सर्वंकष युद्ध का भडकले नाही?

कारण त्याच आठवड्यात जग बदलले. २३ ऑगस्टला जर्मनी आणि सोव्हिएत संघाने अनाक्रमण करार केला. जपानचा साम्यवादविरोधी मित्रच शत्रूच्या गोटात जाऊन बसल्यासारखे झाले, आणि पंतप्रधान हिरानुमा यांच्या मंत्रिमंडळाला महिना संपण्याआधी राजीनामा द्यावा लागला. सप्टेंबरच्या मध्यावर मॉस्कोत शस्त्रसंधी ठरला, तो १६ तारखेला अमलात आला, आणि दुसऱ्याच दिवशी सोव्हिएत सैन्य पोलंडमध्ये शिरले. या तारखांचा क्रम पाहिला की स्टालिनला पूर्वेकडे लढाई हवी होती की तिचा लवकर निकाल हवा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

मग १९४१ चा ऑगस्ट ही खरी संधी होती का?

माझ्या मते चारही वेळांत हीच एक वेळ अशी आहे, जिथे सर्वंकष युद्ध केवळ कल्पनेत नव्हे तर आदेशांच्या कागदांवर उभे होते. २२ जूनला जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. २ जुलैला सम्राटाच्या उपस्थितीत झालेल्या परिषदेत असे ठरले की दक्षिणेकडे सरकायचे, उत्तरेची तयारी गुप्तपणे करायची, आणि परिस्थिती अनुकूल झाली तर वार करायचा. यानंतर "क्वांतुंग सेनेचा विशेष सराव" अशा निरुपद्रवी नावाखाली मोठी जमवाजमव सुरू झाली आणि मांचुरियातील फौज सुमारे सात लाखांवर गेली. सरावाच्या नावाने इतकी माणसे जमवणे हे जुनेच तंत्र असले तरी त्याचा आवाका थक्क करणारा होता.

पण वार कधी करायचा याची अट होती. सोव्हिएत अतिपूर्वेतील ३० डिव्हिजनांपैकी निम्म्या पश्चिमेला जाव्यात, विमाने आणि रणगाडे तर एक-तृतीयांशच उरावेत, मग पुढे जावे. जपानी अधिकारी याला झाडावरचे पर्सिमॉन पिकून आपोआप खाली पडण्याची वाट पाहणे म्हणत. काही जण हिरवे फळच काठीने पाडायच्या मताचे होते, पण त्यांचे चालले नाही. निर्णय ऑगस्टच्या १० तारखेच्या आसपास घ्यायचा, लढाई महिनाअखेरीस सुरू करायची आणि सायबेरियाची थंडी येण्याआधी, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, मुख्य काम उरकायचे, असे वेळापत्रक होते.

फळ पिकले नाही. सोव्हिएत डिव्हिजन हलल्या, पण अपेक्षेपेक्षा फारच कमी. अतिपूर्वेचे सेनापती अपानासेंको यांनी गेलेल्या तुकड्यांच्या जागी नव्या उभ्या करण्याचा सपाटा लावला. ९ ऑगस्टला टोकियोच्या मुख्यालयाने त्या वर्षापुरता उत्तरेचा बेत सोडून दिला.

तेलाचा यात किती वाटा होता?

फार मोठा होता. जपानचे बहुतेक तेल अमेरिकेतून येत असे. जुलैच्या शेवटी जपानी सैन्य दक्षिण इंडोचायनात उतरताच अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली आणि ऑगस्टच्या सुरुवातीपासून तेल प्रत्यक्षात बंद झाले. उत्तरेत जिंकण्याजोगे तेल म्हणजे उत्तर साखालिनमधल्या विहिरी. तिथे जपानकडे आधीच सवलतीचे हक्क होते, आणि त्यातून निघणारे तेल आरमाराची तहान भागवायला पुरणारे नव्हते. सायबेरियाचे मोठे तेलसाठे तर पुढे कित्येक वर्षांनी सापडले. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी ही अवस्था होती.

म्हणून जपानी खेळाडू सायबेरिया जिंकूनही शेवटी हरतो, असे ज्या खेळात होते तो खेळ मला जास्त खरा वाटतो. व्लादिव्होस्तोक हाती आले आणि दक्षिणेकडची बोर्निओ, सुमात्रा ही तेलाची बेटे हातची गेली, तर तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले ही म्हण अक्षरशः लागू होईल.

जर्मनीने आणि जपानने मिळून बेत केला असता तर?

ही कल्पना पटावर सुंदर दिसते, कारण पटावर दोन्ही खेळाडू एकाच बाजूला बसून कुजबुजू शकतात. प्रत्यक्षात हिटलरने १९४१ च्या मार्चमध्ये स्पष्ट आदेश दिला होता की सोव्हिएत मोहिमेबद्दल जपानला काही सांगायचे नाही, उलट त्याला सिंगापूरकडे जाण्याचे प्रोत्साहन द्यायचे. त्याच सुमारास बर्लिनला आलेले परराष्ट्रमंत्री मात्सुओका परतीच्या वाटेवर मॉस्कोत थांबले आणि १३ एप्रिलला पाच वर्षांच्या तटस्थतेच्या करारावर सही करून आले. पुढे जूनमध्ये हेच मात्सुओका उत्तरेकडे वार करा असे सांगू लागले आणि जुलैमध्ये त्यांना मंत्रिमंडळाबाहेर जावे लागले.

१९४२ च्या जानेवारीत जर्मनी, इटली आणि जपान यांनी लढाईचे क्षेत्र पूर्व रेखांश ७० अंशावर वाटून घेतले. ही रेषा आपल्याकडे काठियावाडातून जाते, म्हणजे जवळजवळ सगळा भारत जपानच्या वाट्याला आला होता. पण सायबेरियात एकमेकांना भेटण्याची योजना त्या करारात नव्हती. दोन मित्र खेळाडूंना पूर्ण माहिती आणि पूर्ण विश्वास देणारा नियम हा या विषयातला सर्वांत मोठा अनैतिहासिक नियम आहे.

झोर्गे या हेराने बातमी दिली म्हणून मॉस्को वाचले, हे खरे का?

टोकियोतील सोव्हिएत हेर झोर्गे यांनी १९४१ च्या सप्टेंबरात जपान त्या वर्षी हल्ला करणार नाही असे कळवले, आणि बातमी अचूक होती. पण पूर्वेकडून तुकड्या पश्चिमेला जाणे त्याआधीच सुरू झाले होते. बैकाल सरोवराच्या पूर्वेकडील ट्रान्सबैकालमधील १६ वे सैन्य तर जर्मन हल्ल्याच्या आधीच रेल्वेने निघाले होते. खासानला लढलेली ३२ वी डिव्हिजन ऑक्टोबरात मॉस्कोजवळच्या बोरोदिनोच्या मैदानावर उभी राहिली, हे खरे. मात्र मॉस्कोच्या प्रतिहल्ल्यातले बहुसंख्य सैन्य सायबेरियातून आलेले नव्हते, ते नव्याने उभारलेल्या राखीव फौजांचे होते. त्यामुळे "जपान लढला असता तर मॉस्को पडले असते" हे विधान नियम म्हणून लिहू नये. फार तर सोव्हिएत खेळाडूच्या राखीव सोंगट्यांत थोडी घट करावी.

जपानने हल्ला केला असता तर सोव्हिएत संघाचे सर्वांत मोठे नुकसान कोणते झाले असते?

बहुतेक खेळाडू भूभाग मोजतात. मला वाटते नुकसान बंदराचे झाले असते. अमेरिकेकडून सोव्हिएत संघाला आलेल्या मदतीचा सुमारे निम्मा भाग प्रशांत महासागरातून, सोव्हिएत निशाणाच्या जहाजांतून व्लादिव्होस्तोकला उतरला. तटस्थतेमुळे जपानने ही जहाजे जाऊ दिली, त्यांत अन्न, यंत्रे, रेल्वेचे साहित्य असे, युद्धसामग्री नसे. हा मार्ग बंद झाला असता तर घाव १९४१ मध्ये नव्हे, तर १९४३ आणि १९४४ मध्ये जाणवला असता. ट्रान्स-सायबेरियन रेल्वेची एकच नाळ अमूर आणि उसुरी नद्यांच्या काठाने सीमेला लागून धावते, ती कापणेही जपानला फारसे अवघड नव्हते. याउलट व्लादिव्होस्तोकहून टोकियो हवाई अंतराने अकराशे किलोमीटरच्या आत आहे आणि जपानची शहरे लाकडाची होती, त्यामुळे हवाई हल्ल्याचे भय जपानी सेनापतींच्या मनात जुनेच होते.

प्रसिद्ध खेळ हा प्रश्न कसा हाताळतात?

"ॲक्सिस अँड अलाइज" या पटावरच्या खेळाच्या १९४२ च्या वसंतापासून सुरू होणाऱ्या जुन्या आवृत्तीत जपान आणि सोव्हिएत संघ पहिल्यापासून शत्रू असतात. त्यातून आशिया ओलांडून मॉस्कोपर्यंत जपानी रणगाड्यांची रांग लावण्याची खेळी इतकी रूढ झाली की तिला खेळाडूंमध्ये नावच पडले. खेळ म्हणून ती रंगते, पण व्लादिव्होस्तोक ते मॉस्को हे अंतर रेल्वेने ९,२०० किलोमीटरहून अधिक आहे. त्याच मालिकेतील १९४० च्या जागतिक आवृत्तीने सुधारणा केली आहे. तिथे दोन्ही देश सुरुवातीला युद्धात नसतात, आणि मंगोलियाला लागून असलेल्या सोव्हिएत प्रदेशावर जपानने हल्ला केला तर मंगोलिया सोव्हिएत बाजूला जातो. १९३६ पासून सोव्हिएत संघ आणि मंगोलिया यांच्यात परस्पर साहाय्याचा करार होता, त्याचे हे ठीकठाक रूप आहे. "हार्ट्स ऑफ आयर्न ४" या संगणकावरच्या खेळात २०२१ च्या विस्तारापासून पुरवठा रेल्वेवर आणि केंद्रांवर अवलंबून ठेवला गेला, त्यामुळे सायबेरियातली धाव पूर्वीसारखी मोफत राहिली नाही.

सोव्हिएत खेळाडूने आधी वार करणे शक्य कोटीतले आहे का?

१९४५ च्या आधी जवळजवळ नाही. दोन आघाड्यांची भीती हा स्टालिनच्या धोरणाचा कणा होता. जर्मनी शेवटच्या घटका मोजत असताना, एप्रिल १९४५ मध्ये, त्याने तटस्थतेच्या कराराला मुदतवाढ देणार नसल्याचे कळवले, ही एकच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

खुद्द जपानने असा खेळ खेळून पाहिला होता का?

हो. १९४१ च्या उन्हाळ्यात टोकियोतील सर्वंकष युद्ध संशोधन संस्थेत तरुण अधिकारी, नोकरशहा आणि उद्योगांतले लोक यांचे नकली मंत्रिमंडळ बसवून अमेरिकेशी युद्धाचा डाव मांडला गेला. तेल, जहाजे, पोलाद यांचे आकडे घेऊन त्यांनी काढलेला निष्कर्ष पराभवाचा होता, आणि त्यांच्या डावात शेवटी सोव्हिएत संघही युद्धात उतरत होता. ऑगस्टच्या अखेरीस हा निष्कर्ष पंतप्रधान कोनोए आणि युद्धमंत्री तोजो यांच्यासमोर मांडला गेला.

आमच्या गटासाठी घरगुती नियम करायचे तर कोणते करावेत?

जपानी खेळाडूला युद्ध पुकारण्याची मुभा द्यावी, पण तिची किंमत आधी वसूल करावी. उत्तरेसाठी वापरलेली प्रत्येक डिव्हिजन चीनमधून किंवा दक्षिणेच्या मोहिमेतून काढून दाखवावी लागेल, असा नियम पुरेसा आहे. १९४१ च्या अखेरीस जपानकडे ५१ डिव्हिजन होत्या आणि दक्षिणेच्या सगळ्या विजयांसाठी त्यांतल्या अकराच वापरल्या गेल्या, यावरून उरलेल्या कुठे अडकल्या होत्या ते कळते. दुसरा नियम ऋतूचा : ऑगस्टच्या खेळीत हल्ला सुरू झाला नाही तर पुढच्या वसंतापर्यंत थांबावे. तिसरा नियम थोडा खट्याळ आहे, पण आमच्या टेबलावर तोच सर्वांत जास्त रंगतो. सीमेवर दोन्ही सैन्ये असतील तेव्हा दर उन्हाळ्यात जपानी खेळाडूने एक फासा टाकावा, आणि एक पडला तर क्वांतुंग सेना त्याला न विचारता सीमेपलीकडे जाते.